पर्सियस खाली का पाहतो?

फ्लॉरेन्सच्या सिन्योरिया चौकात एक तरुण हातात बाईचे मुंडके धरून जवळजवळ पावणेपाचशे वर्षे उभा आहे. त्याच्या पायाखाली त्या बाईचे धड पडले आहे. मानेतून रक्ताच्या धारा लोंबत आहेत. समोरच्या उपाहारगृहांत लोक कॉफी पीत बसलेले असतात, पोरे आइस्क्रीम चाटत त्याच्यासमोरून पळत असतात, आणि कुणालाच त्यात काही वावगे वाटत नाही. कालीमातेच्या तसबिरीपुढे आपणही निवांतपणे उदबत्ती लावतो, तसेच ते. सवय झाली म्हणजे रक्ताचाही दागिना होतो.

हा तरुण म्हणजे ग्रीक पुराणातला वीर पर्सियस, ते मुंडके मेदूसा नावाच्या राक्षसीचे, आणि हे ब्राँझचे शिल्प घडवणारा बेनव्हेनुतो चेल्लिनी हा फ्लॉरेन्सचाच एक सोनार. इटलीत गेलेला आपला प्रवासी मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहतो, उफीत्सी संग्रहालयात बोत्तिचेल्लीची व्हीनस पाहतो, मोठ्या देवळाच्या घुमटावर चढून गुडघे दुखवून घेतो, आणि गाडीची वेळ झाली म्हणून या चौकातून घाईघाईने पुढे जातो. मी मात्र तिथल्या माझ्या चार दिवसांतला बराच वेळ या एका पुतळ्यापुढे घालवला. एक दिवस माझी भाचीही बरोबर होती. ती मिलानला शिकते. दोन तासांच्या गाडीने मामाला भेटायला आली होती. आजकालच्या मुली पुतळे नुसते पाहत नाहीत, उलटतपासणी घेतात. तिने घेतलेली उलटतपासणी पुढे येईलच. आधी जागेची ओळख करून देतो.

चौकाच्या दक्षिणेला तीन प्रचंड कमानींचा एक उघडा मंडप आहे. त्याचे नाव लोज्जा देइ लान्त्सी. १३७६ ते १३८२ या वर्षांत तो बांधला गेला तो फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाच्या समारंभांसाठी. नागरिकांनी निवडलेले अधिकारी शपथ घ्यायचे, पाहुण्या वकिलांचे स्वागत व्हायचे, ते इथे. पुढे सोळाव्या शतकात मेदिची घराण्याच्या कोझिमो या ड्यूकने आपले जर्मन भालाईत पहारेकरी इथे ठेवले. त्यांना लान्त्सकनेख्त म्हणत. लोकांच्या मंडपाला भाडोत्री शिपायांचे नाव चिकटले ते असे, आणि अजून सुटलेले नाही. एका शहराचे स्वातंत्र्य कसे गेले, हे सांगायला एवढे एक नाव पुरे आहे.

मंडपात शिरायला तिकीट लागत नाही. पायऱ्या चढायच्या, सिंहांच्या मधून आत जायचे, आणि डावीकडच्या कमानीखाली पर्सियस. चबुतऱ्यासकट तो सुमारे सतरा फूट उंच आहे. नुसता पुतळा दहा फुटांहून थोडा अधिक.

गोष्ट आपल्या माणसाला परकी वाटणार नाही. अर्गोस नगरीच्या राजाला भविष्य सांगितले गेले, की तुझ्या मुलीचा मुलगा तुझा काळ ठरेल. राजाने मुलीला, दानाएला, कोंडून ठेवले. पण देवांचा राजा ज्युपिटर सोन्याच्या पावसाचे रूप घेऊन आत शिरला आणि पर्सियस जन्मला. आजोबाने मायलेकरांना पेटीत घालून समुद्रात सोडले. कंस आठवतो, पेटीतला कर्ण आठवतो. पेटी एका बेटाला लागली. तिथल्या राजाचा डोळा दानाएवर. आड येणाऱ्या तरण्या मुलाला वाटेतून काढावे म्हणून त्याने पर्सियसला मेदूसाचे मस्तक आणायला धाडले. मेदूसाच्या डोक्यावर केसांऐवजी साप, आणि तिच्याकडे जो पाहील त्याचा दगड! मिनर्व्हा देवीने पर्सियसला लखलखीत ढालीचा उपाय सांगितला, मर्क्युरीने पंखांची मदत केली. ढालीतल्या प्रतिबिंबावर नजर ठेवून त्याने झोपलेल्या मेदूसाचे मस्तक उडवले. परतीच्या वाटेवर समुद्रराक्षसापुढे बांधलेल्या अँड्रोमेडाची सुटका केली, तिच्याशी लग्न केले आणि दुष्ट राजाला तेच मस्तक दाखवून दगड करून टाकले.

चेल्लिनीने या गोष्टीतला नेमका पुढचा क्षण धरला आहे. घाव घालून झाला आहे. उजव्या हातातली आकडीची तलवार आता काही करीत नाही. डावा हात मस्तक उंच धरून आहे. पायाला पंख, शिरस्त्राणाला पंख, बाकी अंगावर वस्त्र म्हणाल तर छातीवरून गेलेला एक पट्टा. खाली मेदूसाचे धड ढालीवर आणि उशीवर दुमडून पडले आहे; एक हात चबुतऱ्याच्या कडेवरून लोंबतो आहे, दुसऱ्याने स्वतःचाच पाय घट्ट धरला आहे. वीराच्या पुतळ्यात जय दिसावा, छाती फुगलेली असावी, ही आपली अपेक्षा. हा वीर मात्र मान खाली घालून उभा आहे. ओठ मिटलेले, पापण्या उतरलेल्या. आणि जरा वेळ पाहिले, की ध्यानात येते, त्याच्या हातातल्या मस्तकाचे डोळेही तसेच अर्धे मिटलेले आहेत. तेच नाक, त्याच गालांचे वळण, तसेच कुरळे केस. तिचे तेवढे सापांचे. मारणारा आणि मेलेली सख्खी भावंडे वाटावीत इतकी सारखी!

भाची म्हणाली, ‘‘मामा, हा असा अपराध्यासारखा खाली का पाहतोय?’’

या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. चारपाच उत्तरे आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाला थोडे लांबून वळसा घालून यावे लागते.

पहिला वळसा चेल्लिनीच्या आयुष्याचा. हा गृहस्थ १५०० साली फ्लॉरेन्समध्ये जन्मला आणि १५७१ साली तिथेच वारला. मधल्या एकाहत्तर वर्षांत त्याने स्वस्थ बसणे तेवढे केले नाही. पोपसाठी नाणी पाडली, फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिस राजासाठी सोन्याचे मीठपात्र घडवले. ते व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. २००३ साली ते चोरीला गेले आणि २००६ साली परत सापडले. मारामाऱ्या तर त्याच्या पाचवीला पुजल्या होत्या. १५३४ साली एका प्रतिस्पर्धी सोनाराला त्याने रोमच्या रस्त्यात भोसकून मारले. पोपच्या किल्ल्यातल्या तुरुंगातून चादरींच्या पट्ट्या बांधून तो उतरला आणि पाय मोडून घेतला. हे सारे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याने ते स्वतःच सांगून ठेवले आहे. १५५८ पासून त्याने आपले आत्मचरित्र एका पोराला सांगून लिहवून घेतले. ते छापले गेले १७२८ साली, आणि जर्मन भाषेत आणले ते साक्षात गटेने. त्या पुस्तकात चेल्लिनी सदा शूर असतो, सदा निर्दोष असतो आणि त्याचे शत्रू सदा गाढव असतात. तेव्हा त्याचे बोलणे मिठाच्या खड्यासकटच घ्यावे. पण पर्सियस ओतल्याची हकिगत वाचताना तो खडा हातातून कधी गळून पडतो ते कळत नाही.

काम मिळाले १५४५ साली. ड्यूक कोझिमोने हुकूम दिला आणि चेल्लिनी नऊ वर्षे त्यात अडकला. सोनाराने अंगठ्या कराव्यात, दहा फुटी पुतळा ह्याला कसला जमतो, असे दरबारातले शिल्पकार म्हणत. त्यांचा म्होरक्या बान्दिनेल्ली. ओतायची पद्धत आपल्याकडच्या मूर्तिकारांना परिचित आहे तीच: मातीच्या गाभ्यावर मेणाचा पुतळा, त्यावर पुन्हा मातीचे लेप, मग आच देऊन मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस सोडायचा. दक्षिणेतले नटराज असेच घडले. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाच्या या विधीचे वर्णन करून ठेवले आहे. पण हातभर मूर्ती ओतणे निराळे आणि उंच हात, वळलेला पाय, हातात लोंबते मस्तक असा अवाढव्य पुतळा एका ओतात काढणे निराळे. मेदूसाचे धड आधीच वेगळे ओतून झाले होते. ड्यूक म्हणाला, हे वरचे मस्तक ब्राँझमध्ये यायचे नाही. चेल्लिनी म्हणाला, महाराज, मस्तक येईल. आलाच नाही तर खाली दूर असलेला उजवा पाय यायचा नाही.

१५४९ साली तो दिवस उजाडला. भट्टी पेटली. पाइनची लाकडे अशी भडकली, की कारखान्याच्या छपराने पेट घेतला. बागेच्या बाजूने वारा-पाऊस आत घुसून भट्टी थंड करू लागला. चेल्लिनीला ताप भरला. कामगारांना सूचना देऊन तो अंथरुणावर पडला, आणि उद्याचा दिवस काही आपण पाहत नाही, असे घरच्यांना सांगू लागला. एवढ्यात वाकड्या अंगाचा एक माणूस दारात येऊन मर्तिकाच्या सुरात म्हणाला, की तुझे काम बिघडले, आता इलाज नाही. झाले! चेल्लिनी ओरडत उठला, कपडे चढवले, वाटेत जो येईल त्याला लाथा-बुक्क्या देत भट्टीपाशी गेला. पाहतो तो रस गोठून लापशी झालेला. समोरच्या खाटकाकडे वर्षभर वाळलेली ओकची लाकडे होती, ती आणवली. ओकची आच पाइनहून जहाल. रस पुन्हा हलू लागला. कथलाची एक लगड आत टाकली. तेवढ्यात मोठा आवाज होऊन भट्टीचे झाकणच उडाले. रस वाहू लागला, पण हवा तसा धावेना. तेव्हा त्याने घरातली कथलाची होती नव्हती तेवढी ताटे, वाडगे, थाळ्या आणवल्या. जवळजवळ दोनशे नग! एकेक करून त्यांतले काही पन्हाळीत टाकले, काही भट्टीत. कथील मिसळले की ब्राँझ कमी आचेवर वितळते आणि पातळ होते, हे त्या सोनाराला पुरते माहीत होते. साचा भरला. चेल्लिनीने गुडघे टेकून देवाचे आभार मानले, कामगारांबरोबर भरपेट जेवला, आणि ताप कुठल्या कुठे गेला. घरात जेवायला ताटे उरली नव्हती म्हणून मातीची भांडी आणावी लागली, हेही तो सांगायला विसरत नाही.

साचा दोन दिवस निवू दिला आणि वरून खाली उकलत नेला. मस्तक उत्तम आले होते. उजव्या पायाची टाच आली होती, बोटे तेवढी आली नव्हती. ती मागाहून करावी लागली. चेल्लिनीला दुःख व्हायच्या ऐवजी आनंद झाला. ड्यूकला दिलेला शब्द खरा ठरला होता ना! आपण एका मेलेल्याला जिवंत केले, असे तो या प्रसंगाविषयी म्हणतो. हे त्याचे शब्द मी पुतळ्यापुढे उभा राहून आठवत होतो. ज्याच्या हातून माणूस मेला होता, त्याने मेलेल्याला जिवंत केल्याची ही बढाई आहे.

दुसरा वळसा राजकारणाचा. हा चौक म्हणजे फ्लॉरेन्सचे दगडात आणि धातूत लिहिलेले वर्तमानपत्र आहे. १४९४ साली नागरिकांनी मेदिची घराण्याला हाकलून दिले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या वाड्यातला दोनातेल्लोचा ब्राँझचा पुतळा उचलून या चौकात, राज्यसभेच्या दाराशी आणून बसवला. तो पुतळा ज्युडिथचा. शत्रूचा सेनापती होलोफर्नीस याला दारू पाजून त्याचे मुंडके कापणारी ही विधवा. खाली अक्षरे कोरली, की लोककल्याणाचे उदाहरण म्हणून नागरिकांनी हा पुतळा उभारला आहे. म्हणजे काय ते जुलमी राजाला बरोबर कळावे!

पण गंमत पाहा. १५०४ साली मायकेलअँजेलोचा डेव्हिड कुठे ठेवावा हे ठरवायला सभा बसली. बोत्तिचेल्ली आणि लिओनार्दो यांच्यासारखी माणसे तीत होती. त्या सभेत सरकारी भालदार उठून म्हणाला, की ही ज्युडिथ अशुभ आहे. बाईने पुरुषाला मारावे हे काही बरे नव्हे. ती आल्यापासून आपले सारे वाईटच होत आहे. ज्युडिथ दारातून हलली, डेव्हिड तिथे आला, आणि १५०६ पासून ज्युडिथ याच मंडपात राहायला आली.

मेदिची १५१२ साली परत आले, १५२७ साली पुन्हा हाकलले गेले, १५३० साली पुन्हा आले ते कायमचे. १५३७ साली ड्यूक अलेस्सान्द्रोचा खून झाला आणि सतरा वर्षांचा कोझिमो गादीवर बसला. पोर आहे, वळवू तसा वळेल, असे ज्यांना वाटले त्यांना त्याने लवकरच ओळख पटवली. त्याच वर्षी मोंतेमुर्लो इथे त्याने निर्वासित विरोधकांचा पराभव केला, आणि पकडून आणलेल्यांपैकी काहींची मुंडकी याच चौकात उडवली. १५४० साली तर तो प्रजासत्ताकाच्या राज्यसभेतच राहायला गेला.

आता पर्सियसकडे पुन्हा पाहा. ज्या मंडपात बाईने पुरुषाचे मुंडके कापलेले होते, तिथेच कोझिमोने बाईचे मुंडके कापलेला पुरुष आणून उभा केला. लोकांच्या पुतळ्याला राजाने पुतळ्यानेच उत्तर दिले. मेदूसा म्हणजे ते तंटेखोर प्रजासत्ताक, साप म्हणजे त्यातले तट, आणि पर्सियस म्हणजे स्वतः ड्यूक. चबुतऱ्यावर शेळ्यांची मुंडकी आहेत. मकर ही कोझिमोची लग्नरास. एवढेच नव्हे, चबुतऱ्यावरचा ज्युपिटर आपल्या मुलाला सांगतो, की तुला कुणी दुखावले तर सूड घ्यायला मी आहे. धमकी एवढी उघड असल्यावर अर्थ लावायला पंडित कशाला हवा?

मेदूसाचे मस्तक चौकाकडे तोंड करून धरलेले आहे हेही विसरू नये. पर्सियस तिच्याकडे पाहत नाही, कारण पाहिले तर तोच दगड होईल. पाहायचे ते चौकातल्या लोकांनी! त्या काळी समोर मायकेलअँजेलोचा डेव्हिड आणि बान्दिनेल्लीचा हर्क्युलिस उभे होते, दोन्ही संगमरवराचे. मेदूसाने पाहिले आणि हे दोघे थोराड वीर जागच्या जागी दगड झाले, असा चावट अर्थ अभ्यासक काढतात. बान्दिनेल्लीशी चेल्लिनीचे हाडवैर लक्षात घेता मला तो पटतो. आता डेव्हिड आणि ज्युडिथ यांच्या जागी चौकात नकला आहेत. अस्सल पुतळे आत सुरक्षित ठेवले आहेत. पर्सियस मात्र अस्सलच आहे. १९९६ ते २००० या काळात त्याची स्वच्छता आणि डागडुजी झाली आणि तो पुन्हा आपल्या कमानीखाली आला. अस्सल चबुतरा तेवढा जवळच्या बार्जेल्लो संग्रहालयात नेला आहे.

त्या बार्जेल्लोत आम्ही दुपारी गेलो. पाच मिनिटांची वाट. चबुतऱ्याच्या चार कोनाड्यांत चार लहान मूर्ती आहेत: ज्युपिटर, मिनर्व्हा, मर्क्युरी, आणि लहानग्या पर्सियसला जवळ घेतलेली दानाए. या मूर्तींवरून राजवाड्यात मोठे भांडण झाले. कोझिमोची राणी एलेओनोरा हिला त्या इतक्या आवडल्या, की त्या आपल्या दालनात ठेवाव्यात असा तिने हट्ट धरला. चेल्लिनीने काय करावे? ती बाहेर गेलेली पाहून मूर्ती घाईघाईने कोनाड्यांत शिशाने पक्क्या बसवून टाकल्या! राणी कायमची दुखावली. पण त्या मूर्ती आज सर्वांना दिसतात, आणि त्यांच्या शेजारी पर्सियसचे मेणाचे व ब्राँझचे छोटे नमुनेही.

तिथे मिनर्व्हाच्या मूर्तीपुढे भाची थांबली. म्हणाली, ‘‘मामा, मेदूसाचा गुन्हा काय होता?’’

मी म्हणालो, ‘‘राक्षसी होती.’’

‘‘जन्मतः नव्हती. ओव्हिड काय म्हणतो? ती सुंदर मुलगी होती, केस तर फारच सुंदर. समुद्रदेवाने हिच्या, या मिनर्व्हाच्या देवळात तिच्यावर बलात्कार केला. देवीने शिक्षा कुणाला केली? मेदूसाला. केसांचे साप केले. आणि वर तिला मारायला पर्सियसला मदतही हिनेच केली. ही गोष्ट ओव्हिडने सांगायला लावली आहे ती खुद्द पर्सियसला. स्वतःच्या लग्नाच्या मेजवानीत तो ती सांगतो. म्हणजे त्याला ठाऊक होते!’’

मला अहल्या आठवली. इंद्राने कपट करायचे आणि शिळा व्हायचे अहल्येने. आपल्या पुराणिकांनी निदान तिला रामाच्या पायाची धूळ तरी दिली. मेदूसाच्या वाट्याला उद्धार नाही. तिला पुढे शस्त्र म्हणून वापरले, ढालीवर लावले, चौकात टांगले. २०२० साली न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोरच्या बागेत लुचानो गार्बाती या शिल्पकाराची एक मेदूसा काही महिने उभी होती. तिच्या एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात पर्सियसचे मुंडके! चेल्लिनीच्याच पुतळ्याला दिलेले ते उत्तर. म्हणजे ज्युडिथपासून सुरू झालेली ही वादावादी अजून संपलेली नाही. लोज्जात दुसऱ्या कमानीखाली जाम्बोलोन्याचे १५८३ सालचे सबाइन स्त्रीचे अपहरण आहे, शेजारी एकोणिसाव्या शतकातले पोलिक्सेनाचे. एका मंडपात इतक्या बायका ओढल्या, उचलल्या, मारल्या जात आहेत, की भाची म्हणाली, ‘‘इथे पोलीस चौकी पाहिजे.’’

तिसरा वळसा रक्ताचा. मेदूसाच्या मानेतून आणि मस्तकातून जे लोंबते, ते रक्तासारखे दिसत नाही. त्याला गाठी आहेत, फांद्या आहेत. जाणकार म्हणतात, हे पोवळे आहे. ओव्हिड सांगतो, पर्सियसने मेदूसाचे मस्तक समुद्रकाठी शेवाळावर ठेवले, शेवाळ कडक झाले आणि त्याचे पोवळे झाले. हे ऐकल्यावर मला त्या रक्ताकडे परक्यासारखे पाहता येईना. भूमध्य समुद्रातले तांबडे पोवळे आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून येते आहे. हिंदी लोकांना त्याचे केवढे वेड, हे रोमन लेखक प्लिनीने नोंदवले आहे. पुढे कोझिमोच्याच मुलाने, फर्दिनान्दोने, लिव्होर्नो बंदराला व्यापाराच्या सवलती दिल्या. तिथले ज्यू व्यापारी सतराव्या-अठराव्या शतकांत लिस्बनच्या वाटेने गोव्याला पोवळी धाडत आणि गोव्यातले सारस्वत व्यापारी त्यांना बदल्यात हिरे पाठवीत. एकमेकांना कधी न पाहिलेली ही माणसे केवळ पत्रांवर विश्वास ठेवून हा व्यवहार करीत होती. मंगळाच्या अंगठीतले किंवा आजीच्या गळ्यातले पोवळे जुने असेल, तर त्या वाटेने आलेले असायला हरकत नाही. मेदूसाचे रक्त असे आपल्या घरापर्यंत पोचले.

आता खाली पाहण्याचा अर्थ. पुतळा उंचावर बसणार म्हणून खालच्या माणसाला चेहरा दिसावा, हे एक. मेदूसाकडे पाहायचे नाही, हे दुसरे. राजा प्रजेकडे वरून पाहतो, हे तिसरे. तिन्ही खरी आहेत. पण तिन्ही मिळूनही ते दोन सारखे चेहरे कसे, हे सांगत नाहीत. धमकीच द्यायची होती तर मेदूसा भेसूर करायची. जीभ बाहेर, दात विचकलेले, अशी मेदूसा करायची रीत ग्रीकांपासून होती. चेल्लिनीने ती मोडली आणि मेलेल्या बाईला मारणाऱ्याइतकेच सुंदर केले.

मला वाटते, ड्यूकने मागितले ते चेल्लिनीने दिले, आणि न मागितलेले त्यात बेमालूम घालून दिले. छातीवरच्या पट्ट्यावर त्याने आपले नाव कोरले आहे: बेनव्हेनुतो चेल्लिनी, फ्लॉरेन्सचा नागरिक, साल १५५३. राजाच्या धमकीवर सही करताना ‘नागरिक’ हा शब्द! ज्युडिथच्या खाली कोरलेलाही तोच शब्द होता. आणि पुतळ्याच्या मागे गेलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. शिरस्त्राण आणि केस यांच्या घडणीतून मागच्या बाजूला एक दाढीवाला चेहरा तयार होतो. तो चेल्लिनीचा स्वतःचा, असे म्हणतात. पुढून ड्यूक, मागून सोनार.

२७ एप्रिल १५५४ रोजी पुतळ्यावरचा पडदा निघाला. चेल्लिनी सांगतो, की ड्यूक राजवाड्याच्या खिडकीआड लपून लोक काय बोलतात ते ऐकत होता. लोक स्तुती करीत होते. पडदा पुरता निघण्याआधीच दारावर वीसहून अधिक सुनीते चिकटवली गेली होती. मग पैशांची गोष्ट निघाली. चेल्लिनीने दहा हजार दुकात मागितले. ड्यूक संतापून म्हणाला, एवढ्यात शहरे आणि राजवाडे बांधून होतात. चेल्लिनीने उत्तर दिले, शहरे बांधणारे तुम्हांला वाटेल तेवढे मिळतील, असा पर्सियस करणारा कदाचित जगात दुसरा मिळणार नाही. शेवटी साडेतीन हजारांवर तडजोड झाली, तीही हप्त्याहप्त्याने. तीन वर्षांनी, १५५७ साली, अनैसर्गिक संबंधाच्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली आणि घरात स्थानबद्ध व्हावे लागले. आत्मचरित्र सुरू झाले ते तेव्हा.

दिवाळीच्या या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा नरकासुर मनात आला. आपण पहाटे उठून कारीट पायाखाली फोडतो आणि विजय साजरा करतो. पण आपल्या कथेत मरताना नरकासुराने वर मागून घेतला, की या दिवशी जो अभ्यंगस्नान करील त्याला नरक नाही. म्हणजे सणात मारलेल्याचाही वाटा ठेवला आहे. मेदूसाला असा वर कुणी दिला नाही. एका भांडखोर, खुनशी, बढाईखोर सोनाराने तिला फक्त एक चेहरा दिला, आणि तिला मारणाऱ्याला तिच्यासमोर मान खाली घालायला लावली.

फ्लॉरेन्सला गेलात तर सकाळी आठच्या आत लोज्जात जा. गर्दी नसते, आणि ऊन अजून चौकात पुरते आलेले नसते. आधी समोरून पाहा. मग पायऱ्या चढून मागे जा आणि तो दाढीवाला चेहरा शोधा. सापडायला थोडा वेळ लागतो. भाचीला तो माझ्याआधी सापडला.